मांस पातळ करताना फाटतंय? आधी हातोडीचं तोंड बघा

मांसाचा तुकडा पातळ करायला घ्यावा आणि दहाव्या ठोक्याला त्याची चाळण व्हावी, हे माझ्या हातून इतक्यांदा झालंय की शेवटी मी वाया गेलेले तुकडे टाकण्याआधी न्याहाळायला लागलो. सगळं त्या तुकड्यांवरच लिहिलेलं असतं. मधोमध एकच भोक असेल तर कारण वेगळं, कडा उभ्या चिरल्या असतील तर वेगळं, आणि अंगभर बारीक खळगे पडून तुकडा खिम्याच्या वाटेला लागला असेल तर आणखी वेगळं. आपण मात्र तिन्हींवर एकच इलाज करतो, जरा हळू मारून बघतो. मग तुकडा फाटत नाही, पण पातळही होत नाही, आणि पुढच्या खेपेला वैतागून पुन्हा जोरात सुरू. म्हणून इथे मी उलट बाजूने जातो: काय बिघडलं ते बघायचं आणि तिथून मागे कारणाकडे यायचं.

अंगभर खळगे, तुकडा भुसभुशीत

हे सर्वांत जास्त घरांत होतं आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: हातोडीची चुकीची बाजू.

मीट हॅमर म्हणून जी वस्तू सहज मिळते तिला दोन तोंडं असतात. एकीकडे पिरॅमिडसारखे टोकदार दात, दुसरीकडे सपाट. काही हातोड्यांना तर दोन्हीकडे दातच असतात, एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला बारीक. दात दिसले की हीच कामाची बाजू असणार असं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि सपाट तोंड हे नुसतं वजनासाठी ठेवलंय अशी माझी दोनेक वर्षं समजूत होती.

खरं तर ही दोन वेगळी कामं आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळी क्रियापदंही आहेत. दातांनी आपण ठेचतो, सपाट तोंडाने थापतो. ठेचण्याचा हेतू मऊ करणं: स्नायूंचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारी चिवट आवरणं ठिकठिकाणी तोडायची. थापण्याचा हेतू पातळ करणं: धागे शक्यतो न तोडता एकमेकांवरून सरकवायचे, म्हणजे तुकडा पसरतो पण एकसंध राहतो. दातांनी पातळ करायला गेलं की प्रत्येक ठोक्याला तुकडा पसरण्याऐवजी टोचला जातो. त्या टोचलेल्या जागा पुढच्या ठोक्याला उघडतात आणि त्यातून रस वाहून जातो. पुढे पॅनमध्ये तोच तुकडा कोरडाठाक होतो आणि आपण दोष आचेला देतो.

दातांना काम नाही असं नाही. जनावराचे जे स्नायू दिवसभर राबतात, पाय, खांदा, मान, तिथे बांधून ठेवणारं ऊतक भरपूर असतं. असा तुकडा झटपट शिजवायचा असेल तर आधी दातांनी हलक्या हाताने ठेचणं आणि मग सपाट बाजूने थापणं, असा क्रम बरोबर आहे. चिकनच्या छातीच्या तुकड्यात मात्र ते ऊतक जवळजवळ नसतंच. तो मुळात मऊ असतो, आणि दातेरी हातोडीने त्याला आणखी मऊ करायला जाणं म्हणजे शिजलेला भात पुन्हा शिजवणं.

आणखी एक वस्तू चुकून घेतली जाते: वरून दाबलं की सुयांसारखी बारीक पाती मांसात घुसतात ते यंत्र. ते मऊ करायला उत्तम आहे, पण पातळ करायला त्याचा काडीचा उपयोग नाही. जाडी आहे तेवढीच राहते. शिवाय अखंड तुकड्यावरचे जंतू बहुतकरून पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर टाकताच मरतात, पण पाती त्यांना आत ढकलतात. म्हणूनच अशा प्रकारे यंत्राने मऊ केलेल्या गोमांसावर तसं लेबल लावणं कॅनडाने ऑगस्ट २०१४ पासून आणि अमेरिकेने मे २०१६ पासून सक्तीचं केलं. पातळ काप आरपार शिजतो, त्यामुळे तिथे ही भीती कमी. जाड तुकडा आत गुलाबी ठेवणार असाल तर मात्र ही गोष्ट विसरू नका.

मधोमध भोक

इथे तोंड सपाटच वापरलेलं असतं, तरी भोक पडतं. भोकाची कड नीट बघा. एका बाजूला सरळ रेषेत किंवा चंद्रकोरीसारखी चीर दिसली, तर ती हातोडीच्या कडेने पाडलेली आहे. ठोका सपाट पडलेला नाही.

याचं मूळ दांड्यात असतं. साध्या हातोडीचं तोंड तुकड्यावर सपाट टेकायचं तर त्या क्षणी दांडा बोर्डाला समांतर हवा. पण तसं केलं की बोटांची पेरं बोर्डावर आपटतात. मग हात आपोआप थोडा वर राहतो, दांडा तिरका होतो आणि हातोडीची पुढची कड मांसात घुसते. ही चूक सरावाने जात नाही, जागा बदलून जाते: तुकडा बोर्डाच्या मधोमध ठेवण्याऐवजी तुमच्या बाजूच्या कडेजवळ ठेवा आणि स्वतः अशा बाजूला उभे राहा की दांडा धरलेली मूठ बोर्डाच्या, शक्य तर ओट्याच्याही, बाहेर हवेत राहील. एवढ्या एका बदलाने माझी निम्मी भोकं बंद झाली.

दुसरा उपाय म्हणजे वेगळ्या घडणीचं हत्यार. गोल, जाड धातूची चकती आणि तिच्यावर उभी मूठ, शिक्क्यासारखी. याला पाउंडर म्हणतात. ते वरून सरळ खाली येतं, म्हणून सपाट पडतं. काहींची मूठ चकतीच्या एका बाजूने वर येऊन मागे वळलेली असते, गवंड्याच्या थापीसारखी. त्यात पेरं वर राहतात आणि मनगटाला झटकाही कमी बसतो. ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी उभ्या मुठीचं घेण्याआधी दहा-बारा ठोके मारून बघावेत. सरळ खाली येणाऱ्या वजनाचा हादरा थेट मनगटातच जातो.

चकतीचा आणखी एक फायदा साध्या गणितात आहे. ९ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर जातं. ५ बाय ५ च्या हातोडीचं फक्त २५. तोच जोर दुपटीहून जास्त जागेवर वाटला जातो, त्यामुळे एका ठिकाणी खड्डा पडत नाही.

आता वजन. हलकी हातोडी, म्हणजे पाव किलोच्या आसपासची, हातात घेतल्यावर सोयीची वाटते आणि कामाला लागल्यावर कळतं की सगळा जोर आपल्यालाच लावायचाय. जोर लावला की नेम चुकतो, नेम चुकला की कड लागते. पाऊण किलो ते एक किलोच्या मधलं हत्यार असलं की १५-२० सेंटिमीटर उचलायचं आणि सोडून द्यायचं, बाकी काम त्याचं वजन करतं. तुम्ही फक्त ते कुठे पडेल एवढं बघायचं. हात दुखू नये म्हणून हलकी हातोडी घेणाऱ्यांचेच हात जास्त दुखतात, हे मी घरातच पाहिलंय.

आणि ठोका नुसता उभा नको. मधून सुरुवात करायची, हत्यार टेकलं की त्याच हालचालीत ते किंचित बाहेरच्या कडेकडे ओढायचं. टेकलं, सरकलं, उचललं. पुढचा ठोका शेजारी, पुन्हा बाहेरच्या दिशेने. दर सात-आठ ठोक्यांनी तुकडा पाव वळण फिरवायचा, मध्येच एकदा उलटायचा. एकाच जागी सलग तीन ठोके मारायचे नाहीत, मग ती जागा कितीही जाड दिसो. जाड जागेकडे फिरून यायचं, तिच्याशी भांडायचं नाही.

कडा चिरतात, किंवा तुकडा लांबीत दुभंगतो

यात दोष बहुधा हातोडीकडे जाण्याआधीच झालेला असतो, सुरीच्या टप्प्यावर.

पहिला हिशेब जाडीचा. मांस दाबून नाहीसं होत नाही, फक्त पसरतं. १८ मिलिमीटर जाडीचा तुकडा ६ मिलिमीटरवर आणायचा तर त्याचं क्षेत्रफळ तिप्पट व्हायला हवं, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही सुमारे पावणेदोन पट. हे बऱ्यापैकी जमतं. पण चिकनच्या छातीचा मोठा तुकडा जाड टोकाला साडेतीन सेंटिमीटर असतो. तो थेट ५ मिलिमीटरवर आणायचा म्हणजे त्या भागाला सातपट पसरवायचं. इतकं ताणणं धाग्यांना झेपत नाही आणि कड फाटते. म्हणून जाडी आधी सुरीने उतरवायची. तुकडा आडवा धरून पुस्तकासारखा उघडायचा, किंवा सरळ दोन पातळ काप करायचे. हातोडीकडे शेवटचा वाटा द्यायचा. मी स्वतःपुरता नियम केलाय: तुकडा जितका पातळ हवा त्याच्या तिपटीहून जाड असेल तर हातोडी उचलायची नाही, सुरी उचलायची.

आडवं कापताना तुकडा निसटतो, त्यावर फ्रीझरमध्ये २०-३० मिनिटं ठेवणं हा चांगला उपाय आहे. बाहेरून घट्ट होतो, सुरी सरळ जाते. फक्त कापल्यावर लगेच ठोकायला घेऊ नका. अर्धवट गोठलेलं मांस पसरत नाही, तडकतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाने दाबून आत बर्फाचा कडकपणा उरला नाही ना ते बघा. गोठवलेलं मांस नीट न सुटताच ठोकायला घेतलं तर कडा अशाच चिरतात.

दुसरी गोष्ट धाग्यांच्या दिशेची. धागे लांबीत ताणायला विरोध करतात, पण एकमेकांपासून बाजूला सहज होतात. म्हणून लांब धाग्यांचा तुकडा ठोकला की रुंदीत पसरतो, लांबीत फारसा नाही, आणि फाटला तर धाग्यांच्या रेषेतच फाटतो. लाल मांसात यावर सोपा तोड आहे: काप धाग्यांना आडवा घ्यायचा. मग धागे आखूड आणि उभे राहतात, गवताच्या पेंढीसारखे, आणि वरून दाब आला की सगळीकडे सारखे कलतात. तसा काप गोल पसरतो आणि खायलाही मऊ लागतो. चिकनच्या छातीत आपल्याला तेवढं स्वातंत्र्य नसतं, धागे बहुतेक लांबीच्या दिशेनेच जातात. तिथे ओढ रुंदीकडे कमी आणि लांबीकडे जास्त द्यायची, म्हणजे तुकडा नैसर्गिकपणे जिकडे पळतो त्याच्या उलट.

छातीच्या तुकड्याच्या खालच्या अंगाला एक सुटी पट्टी असते आणि तिच्यातून पांढरी, चिवट शीर जाते. ती पट्टी आधीच काढून ठेवा. ती तशीच ठेवून ठोकलं की पट्टी एकीकडे आणि मुख्य तुकडा दुसरीकडे सरकतो, मधे फट पडते, आणि आपल्याला वाटतं तुकडा फाटला. तो फाटलेला नसतो, ते मुळातच दोन स्नायू असतात.

आणि आता ज्यावर इलाज नाही असं कारण. काही छातीचे तुकडे हाताला विचित्र कडक लागतात, जाड टोकाला टेंगूळ आल्यासारखे. इंग्रजीत त्याला वुडी ब्रेस्ट म्हणतात, लाकडासारखी छाती. काही तुकड्यांत उलट असतं, चिमटीत धरलं तर धागे शेवयांसारखे सुटे होतात. झपाट्याने वाढणाऱ्या, मोठ्या छातीच्या कोंबड्यांत हे दोष जास्त दिसतात. असा तुकडा कितीही हळुवार थापा, पहिला तडकतो आणि दुसरा विस्कटतो. तंत्र बदलून, हत्यार बदलून काही होत नाही. तो बारीक कापून दुसऱ्या कशात तरी वापरायचा. ही माहिती मला उशिरा मिळाली आणि तोपर्यंत मी एका बिचाऱ्या चांगल्या हातोडीला बाद ठरवून बसलो होतो. विकत घेतानाच बोटाने दाबून बघायची सवय लावली की हा वैताग टळतो. मध्यम आकाराचे तुकडे घेतले तर कापायचं कामही कमी.

हत्यार मांसाला चिकटतं आणि उचलताना ओरबाडतं

यावर झाकण घालायचं हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो कशाचं, यात. क्लिंग फिल्म पातळ असते. पाच-सहा ठोक्यांत फाटते आणि तिचे पारदर्शक तुकडे मांसात दडून बसतात, दिसतही नाहीत. बटर पेपर कोरडा असेपर्यंत ठीक, ओला झाला की लगदा. सर्वांत चांगली जाड झिपलॉकची पिशवी, फ्रीझरसाठी मिळते ती. तिन्ही बाजू कापून वहीच्या पानासारखी उघडायची, तुकडा मधे, वरून दुसरं पान. पिशवी मोठी घ्या, कारण वर सांगितलेली पावणेदोन पट वाढ तिच्या आत मावायला हवी. बंद पिशवीत ठोकलं तर तुकडा कडांना अडतो, दुमडतो आणि दुमडीच्या रेषेवर फाटतो.

एक छोटी युक्ती जिने मला सर्वांत जास्त फरक दिसला: प्लास्टिक आणि मांस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना थोडे पाण्याचे किंवा तेलाचे थेंब. कोरड्या प्लास्टिकला मांस घट्ट धरून बसतं. वरून तुम्ही पसरवताय आणि खालून ते जागचं हलायला तयार नाही, असं होतं. थेंबभर पाण्याने ते सरकायला लागतं आणि निम्म्या ठोक्यांत काम होतं. पाणी जास्त झालं तर अर्थात शिंतोडे उडतात, म्हणून थेंबच. प्लास्टिकला सुरकुती पडली तर थांबून सरळ करा, सुरकुतीचा वळ मांसावर उमटतो.

एकीकडे पातळ, एकीकडे जाड

उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ जवळपास चौपट. म्हणजे एका टोकाला ५ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला १० असलेला तुकडा हा शिजवण्याच्या दृष्टीने एक तुकडा नाहीच. एक टोक वाळेल तेव्हा दुसरं जेमतेम होत आलेलं असेल.

डोळ्यांना हा फरक कळत नाही, तळहाताला कळतो. प्लास्टिकवरून हात फिरवा, उंचवटे लगेच लागतात. सुरुवात नेहमी जाड टोकापासून करायची आणि पातळ टोकाला शेवटचे दोन-चार ठोके पुरतात, कधी तेवढेही नको असतात. अगदी एकसारखं हवं असेल तर शेवटचा टप्पा लाटण्याने करा: तुकड्याच्या दोन्ही बाजूंना हव्या त्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. ते पट्ट्यांच्या खाली जाऊच शकत नाही.

लाटण्याचा विषय निघालाच आहे तर घरात हातोडी नसेल तेव्हाचं सांगतो. जड, दांड्या नसलेलं, सरळ दंडगोल लाटणं चांगलं काम करतं. आडवं धरून त्याच्या अंगाने थापायचं, टोकाने नाही. छोटं, जाड बुडाचं पॅन किंवा पातेलं याहूनही चांगलं, कारण त्याचं बूड म्हणजे आयती चकती. फक्त बुडाला बाहेरून वर आलेली गोल कड नको, तिचा वळ पडतो. खलबत्त्यातला बत्ता मात्र नको. त्याचं टोक गोल असतं, तो कुटायला बनवलाय आणि तो कुटतोच. काचेची बाटली वापरणारे मी पाहिलेत. ठोकायला काच नको, एवढंच म्हणतो. तसंच कामाच्या पेटीतला रबरी हातोडा. नवा कोरा असला तरी तो अन्नासाठी केलेला नसतो.

ठोकून झाल्यावर परत आक्रसतं, पॅनमध्ये वाटी होते

ही दोन वेगळी दुखणी आहेत. बोर्डावर असतानाच तुकडा थोडा परत गोळा होतो, कारण मांस लवचीक आहे. थंडगार मांसात हे जास्त जाणवतं. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा जाडी बघा आणि गरज असेल तर आणखी चार ठोके द्या. शिजताना धागे आणखी आखडतात आणि तुकडा लहान होऊन थोडा फुगतो, म्हणून ताटात ६ मिलिमीटर हवं असेल तर बोर्डावर ५ करा.

वाटी होण्याचं कारण वेगळं. तुकड्याच्या कडेला किंवा एका पृष्ठभागावर चकचकीत पांढरा पापुद्रा राहिलेला असतो. त्यातलं कोलॅजन साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने आकुंचन पावतं. मांस एका वेगाने आखडतं, पापुद्रा दुसऱ्या, आणि तुकडा पापुद्र्याच्या बाजूला वळतो. थापल्याने हा पापुद्रा तुटत नाही, तो फक्त पसरतो. ठोकण्याआधी पातळ सुरी त्याच्याखाली घालून तो सोलून काढा. कडेला चरबीचा पट्टा ठेवायचाच असेल तर दर तीन सेंटिमीटरवर अर्धा सेंटिमीटर खोल चिरा द्या. त्या चिरा पट्ट्यातच थांबवायच्या, मांसात लांबवायच्या नाहीत, नाहीतर वरचं दुखणं परत.

मुरवलेलं मांस ठोकू नये. मीठ लागलं की पृष्ठभाग चिकट होतो आणि प्लास्टिक सोडत नाही. पपई किंवा कच्चा अननस लावला असेल तर त्यातली एन्झाइम्स प्रथिनं तोडत असतात, अशा तुकड्यावर ठोका म्हणजे लगदा. आधी थापा, मग मुरवा. पातळ तुकड्यात मसाला शिरायला वेळही कमी लागतो.

आवाज खूप, काम थोडं

बोर्ड उडत असेल तर तुमचा जोर बोर्ड उडवण्यात जातोय. पातळ प्लास्टिकचा बोर्ड मधे वाकतो, काचेचा तर घेऊच नका. तीन-चार सेंटिमीटर जाडीचा लाकडी बोर्ड, त्याखाली एकेरी ओलं फडकं, घट्ट पिळलेलं. जाड टॉवेलची घडी घातली तर आवाज कमी होतो खरा, पण ती ठोकाही गिळते, मग तुम्ही जास्त मारता आणि हिशेब जागच्या जागी राहतो. जागा अशी निवडा जिथे ओट्याखाली भिंत किंवा खांब आहे. दोन आधारांच्या मधल्या दगडी फरशीवर जड हत्याराने ठोकत राहिलं तर एखाद्या दिवशी फरशीच बोलेल. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन काय दुरुस्ती चाललीय म्हणून विचारलं, तेव्हापासून रात्री नऊनंतर माझ्याकडे फक्त लाटणं चालतं. वेळ दुप्पट लागतो, संबंध टिकतात.

हातोडीचंच काही बिघडलंय

अ‍ॅल्युमिनियमची हातोडी डिशवॉशरमध्ये टाकली की काळवंडते आणि हाताला काळं लागतं. तिथल्या अल्कधर्मी साबणाचा तो परिणाम. हाताने धुवा. लाकडी हातोडीच्या दातांच्या फटीत रस शिरतो. ती पाण्यात भिजत ठेवायची नाही, गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून लगेच उभी वाळवायची, आणि तडा दिसला की टाकायची. मुलामा दिलेल्या धातूचे टवके उडायला लागले तरी तेच. डोकं दांड्यावर हलत असेल तर सांध्यात रस साठतो. आटेवाला दांडा असेल तर पूर्ण काढून धुवा, वाळवा, मग पुन्हा आवळा. लाकडी दांडा वाळून ढिला झाला असेल तर मी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही.

नवीन घेताना मी दोनच गोष्टी बघतो. तोंड सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतं का, आणि तोंडाची कड अंगठ्याने चाचपल्यावर गोलसर लागते की धारदार. डुगडुगणारी किंवा धारेची हातोडी कितीही देखणी असो, ती भोकंच पाडणार. एकसंध स्टीलची, सांधा नसलेली मिळाली तर धुण्याचा प्रश्नही मिटतो. हातोडीवर दात असणं हा माझ्या लेखी फायदा नाही. दुसरी बाजू सपाट असेल तर चालवून घेतो, इतकंच.

शिंतोड्यांबद्दल थोडं, कारण ते दिसत नाहीत. कच्च्या चिकनच्या रसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि हातोडीचा ठोका तो रस फूटभर लांब उडवतो. पिशवीच्या पानांचा खरा उपयोग इथेही आहे. शेजारी कापलेली भाजी उघडी ठेवू नका, चिकन नळाखाली धुऊन आणखी शिंतोडे उडवू नका, आणि काम झालं की हत्यार, बोर्ड, ओटा, नळाची मूठ सगळं साबणाने धुवा. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे. पातळ तुकड्यात थर्मामीटर वरून खुपसला तर तो पॅनचंच तापमान सांगतो. चिमट्याने तुकडा उचलून कडेने आडवा घाला. थापलेलं मांस बाहेर दोन तासांवर ठेवायचं नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी संपवायचं.

इतकं करूनही भोक पडलंच, तर तुकडा टाकू नका. भोकाच्या दोन्ही कडा बोटाने जवळ आणून एकमेकींवर सेंटिमीटरभर चढवा, चिमूटभर मीठ लावा. मघाशी नको असलेला मिठाने येणारा चिकटपणा इथे कामाला येतो. वरून प्लास्टिक घालून सपाट बाजूने हलकेच तीन-चारदा दाबा, ठोकू नका, आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पॅनमध्ये टाकताना जोडाची बाजू आधी खाली. पहिले दोन मिनिटं त्याला हलवलं नाही तर जोड धरून बसतो. वरून पिठाचं किंवा अंड्याचं आवरण असेल तर तो कुणाला दिसतही नाही.